हळदीच्या कॅसेटमधलं हसू

हो, कॅसेटमधला तो कट मीच मारला होता. इतकी वर्षं झाली, तरी एखाद्या लग्नात बेलवलीकडची कुणीतरी बाई भेटते आणि डोळे बारीक करून विचारते, "तूच ना गं ती कॅसेटवाली?" मी म्हणते, मीच. मग ती जरा थांबते. मी आता मान खाली घालीन, तेव्हा वय लहान होतं, चुकलं माझं, असं काहीतरी म्हणेन, याची वाट बघते. मी तसलं काही म्हणत नाही. कट चांगला होता. आज मला तीच कॅसेट कुणी आणून दिली तर मी तो तिथेच मारीन. पुढे जे रामायण झालं ते माझ्या हातामुळे नाही झालं, बघणाऱ्यांच्या डोक्यात आधीपासून जे भरलेलं होतं त्यामुळे झालं. हे मी तेव्हा भर अंगणात सगळ्यांच्या तोंडावर सांगितलं होतं. आता लिहूनही ठेवते, म्हणजे माझ्यामागे कुणी बदलायला नको.

आम्ही अंबरनाथला कारखान्यांच्या मागच्या बैठ्या चाळीत राहायचो. बाबा तिथल्याच एका कारखान्यात फिटर होते. सकाळचा भोंगा व्हायच्या आत आईचा स्टोव्ह पेटलेला असायचा. भाकरी थापल्याचा आवाज आमच्या भिंतीतून शेजारी जायचा आणि शेजारचा आमच्याकडे यायचा, आणि दोन्हीकडच्या बायका एकमेकींना न बघता एका तालात थापायच्या. एक खोली, एक मोरी, भिंतीवर बुद्धाची तसबीर, तिच्याखाली शिलाई मशीन आणि मशीनवर टीव्ही, कारण दुसरीकडे जागाच नव्हती. शिवायचं असलं की टीव्ही उतरवायला लागायचा, म्हणून रविवारी आई शिवायची नाही. रविवारी सिनेमा. दारात चपलांचा ढीग, आत अख्खी चाळ, आणि सगळ्यांच्या मध्ये आई सुपात सुकट घेऊन निवडत बसलेली. त्या वासाला कुणी कधी नाक मुरडलं नाही, कारण सिनेमा संपला की ती कांद्यावर परतली जाणार आणि वाटीवाटीने घरोघरी जाणार, हे सगळ्यांना ठाऊक होतं. मला त्यातले जुने, काळे-पांढरे, स्टुडिओत काढलेले सिनेमे आवडायचे. झाड खोटं, चंद्र पुठ्ठ्याचा, पाऊस पाइपातला, आणि तरीही रडू यायचं. हे कसं काय होतं बुवा, हा प्रश्न मला तेव्हापासून छळत होता.

बाबा पाळी करून दमलेले असायचे. पहिल्या गाण्यालाच घोरायला लागायचे आणि मग जेवताना विचारायचे, "काय झालं गं शेवटी?" आई सांगायची. माझ्या आईसारखा सिनेमा सांगणारं माणूस मी पुढे पाहिलं नाही. "ती दारात उभी होती. त्याची बोट गेली. हिने दार लावलं. दार उघडलं तर हिचे केस पांढरे." बाबा घास हातात धरून म्हणायचे, "अगं पण मधली वर्षं?" "मधली कशाला सांगू? कळली ना तुम्हाला?" "कळली." "मग जेवा." पुढे मी सिनेमात काय दाखवायचं आणि काय गाळायचं यावरची बरीच भाषणं ऐकली, पांढऱ्या दाढ्यांची माणसं इंग्रजीत तासन्‌तास बोलताना ऐकली. त्यांचं सगळं आईच्या त्या "मग जेवा"मध्ये आलेलं होतं.

बारावी झाल्यावर मला उल्हासनगरला, कॅम्प एकमध्ये, हासोदादांच्या दुकानात काम मिळालं. पुढे कॅसेटी भाड्याने द्यायची लायब्ररी, आणि मागच्या खोलीत लग्नाच्या कॅसेटी तयार करायचं काम. शेजारणी आईला म्हणाल्या, "पोरीची जात, कॅसेटच्या दुकानात?" बाबा आतून म्हणाले, "दारूच्या तर नाही ना?" विषय संपला. हासोदादा म्हणजे जाड भिंगांचा चष्मा, पांढरा लेंगा आणि तोंडात सतत "पुट", म्हणजे सिंधीत बाळ. गिऱ्हाईक आलं की आधी पापड, मग पाणी, मग धंदा. दोन्ही बाजूंच्या गाळ्यांत जीन्स शिवायची मशीनं दिवसभर घरघरत असायची. माझं काम असं, की परत आलेली कॅसेट लावून बघायची, पट्टी कुठे चावली गेली नाही ना. आवाज मात्र बंद ठेवायचा, कारण दादांना त्या घरघरीत गिऱ्हाइकाचं बोलणं आधीच ऐकू यायचं नाही. जुने काळे-पांढरे सिनेमे कुणी न्यायचं नाही, पण पट्टीला बुरशी धरू नये म्हणून तेही मधूनमधून फिरवायला लागायचे. अशा तऱ्हेने मी ते सगळे मुके पाहिले. पुढे नेले, मागे आणले, थांबवले, परत पाहिले.

आवाज गेला की डोळे उघडतात. मला पहिल्यांदा दिसलं की सिनेमा तुकड्यांचा असतो. टीव्हीपुढे बसून इतकी वर्षं रडले, पण एकही सांधा दिसला नव्हता, कारण त्या जुन्या मंडळींनी तो दिसू नये म्हणून जिवाचा आटापिटा केलेला होता. माणूस खुर्चीतून उठायला लागला की उठता उठताच तुकडा बदलायचा, म्हणजे आपलं लक्ष उठण्यात राहतं. दोघं बोलत असली की एकाची नजर डावीकडे आणि दुसऱ्याची उजवीकडे, म्हणजे ती समोरासमोर वाटतात, मग भले एकाचं काम सकाळी आणि दुसऱ्याचं महिन्याने केलेलं असो. आणि सगळ्यात भारी म्हणजे नजरेचा खेळ. आधी बाई कुठेतरी बघते. मग ती जे बघते ते आपल्याला दाखवतात. मग परत बाईचा चेहरा. बाईने काहीच केलेलं नसतं, नुसती मान वळवलेली असते, पण मधे रिकामा पाळणा दाखवला की आपण म्हणतो, काय गं बाई दुःख हिच्या तोंडावर! ज्या दिवशी हे मला कळलं त्या दिवशी मी काउंटरवर हात आपटून "अरे चोरांनो!" असं मोठ्याने ओरडले आणि दादा गल्ल्याकडे धावले.

थोड्याच दिवसांत मी मागच्या खोलीत बसायला लागले. दोन व्हीसीआर, एकातून दुसऱ्यात उतरवायचं, नको तिथे थांबवायचं. तिथली रीत मला पहिल्या दिवसापासून डोक्यात जायची. एका तुकड्यातून दुसऱ्यात जायचं तर बटण दाबून कमळ उमलवायचं, नाहीतर बदाम फाडायचा, नाहीतर नवरा-नवरीला भोवऱ्यासारखं फिरवायचं. नवरीच्या नाकातून नवरदेव बाहेर यायचा! मी म्हणायचे, "दादा, लोकांनी लग्न बघायचं का कमळं मोजायची?" दादा म्हणायचे, "पुट, पब्लिक को फूल माँगता. तू फूल डाल, अपना क्या जाता है?" माझं जात होतं. कुणाच्या तरी आयुष्यातला एवढा मोठा दिवस, आणि त्याची अशी पावभाजी करायची? मी कमळं घालायची बंद केली. दादा चिडायचे, मी ऐकायचे नाही, आणि कॅसेटी चांगल्या होत होत्या म्हणून ते मला काढतही नव्हते.

मग नंदाची कॅसेट आली. नंदा हेंद्रेपाड्याची, सासर बेलवलीला. म्हणजे बदलापुरातल्या बदलापुरात, दोन्ही घरं जुनी शेतीवाली, नवरा अनंत नोकरीला. आमच्या कॅमेरामनने दोन्हीकडचं शूटिंग करून आणलं होतं. नंदाच्या हळदीत एके ठिकाणी बॅटरी संपली होती, आणि चित्र असं टुणकन उडायचं की नवरी क्षणात पाटावरून उठून दारात. दादा म्हणाले, कमळ. मी म्हणाले, अजिबात नाही. मी अख्खी कॅसेट चाळली. दुपारी बांगड्या भरताना नंदाने मान वर करून उजवीकडे बघितलं होतं आणि हसली होती. काय हसली होती! सबंध लग्नात तेवढंच एक खरं हसू. आणि संध्याकाळी बेंजो पार्टी आली तेव्हाचा एक तुकडा होता. बेंजोवाला डावीकडे बघून हसत वाजवतोय, आणि मागे तेच मांडवाचं पिवळं कापड. त्या उडीच्या जागी मी नंदाचं हसू घेतलं, मधे बेंजोवाला घातला, मग खाली बघणारी नंदा, खालून बेंजोचा आवाज. नवरीला वाद्य ऐकू आलं, नवरी खुलली, लाजली. सांधा कुठे दिसेना. मी ते परत परत लावून बघितलं आणि माझ्या अंगावर काटा आला. आयुष्यात पहिल्यांदा मी त्या जुन्या लोकांसारखं काहीतरी केलं होतं.

लग्नाची कॅसेट आली की सगळी आळी बोलवायची, ही तेव्हाची पद्धत. अंगणात टीव्ही, बायका ओट्यावर, पोरं खाली, नवी सून चहा देतेय. बेलवलीलाही तसंच झालं. तो तुकडा आला आणि अनंतचे मामा म्हणाले, "थांबवा. मागं घ्या." मागे घेतलं. परत लावलं. परत मागे. कपबशी घेऊन उभ्या असलेल्या नंदाला मामांनी सगळ्यांसमोर विचारलं, "कोन हाय हा?" ती म्हणाली, मला माहीत नाही. मामा म्हणाले, "म्हाईत नाय तर अशी हसतेस?" दुसऱ्या दिवशी तिला हेंद्रेपाड्याला माहेरी पाठवून दिलं. कारण सांगितलं नाही. सांगायची गरजच नव्हती, आळीने बघितलं होतं ना.

हे मला कळलं ते मामा आणि अनंत दुकानात आले तेव्हा. दादांनी पापड पुढे केला, कुणी घेतला नाही. "ही कॅसेट कापली कोनी?" मामांनी विचारलं. दादा मला सोडून सगळीकडे बघायला लागले. मी म्हणाले, "मी." मामांनी मला खालपासून वरपर्यंत न्याहाळलं. "तो बेंजोवाला अंबरनाथचा. तू बी तिथलीच, आसं ऐकलं. तुमच्या वस्तीतला ना?"

"विजू? हो. मागच्याच गल्लीत राहतो."

"मंजे वळखीचा. म्हनून घातलास. तुमची लोकं..."

"आमची लोकं काय?" मी म्हणाले. "बेंजो चांगला वाजवतात म्हणूनच नंदाच्या घरच्यांनी बोलावलं ना? वाजवताना चालतात, दिसले की चालत नाहीत?"

दादांच्या कपाळाला घाम फुटला. "अरे साईं, गुस्सा नहीं! वो टुकडा निकाल देगा. फ्री में. नई कॅसेट देगा." मामा जरा निवळले. म्हणाले, हां, तो काढा, साफ कॅसेट द्या, मग पोरीचं काय ते बघू. दादांनी माझ्याकडे हात जोडल्यासारखं बघितलं.

"नाही काढणार," मी म्हणाले. माझं डोकं सटकलेलं होतं. "आज काढला तर आळी म्हणेल, होतं म्हणून काढलं. मग नंदा जन्मभर त्या काढलेल्या तुकड्याखाली दबून राहील. तिने त्याच्याकडे बघितलेलंच नाही. ती दुपारी हसली, तो संध्याकाळी आला. बघणं मी तयार केलंय. कसं करतात ते मी दाखवते. ज्यांनी ज्यांनी ती कॅसेट बघितली त्या सगळ्यांना परत बसवा. त्याच अंगणात."

मामा म्हणाले, काय गरज नाय. अनंत तोवर भिंतीला टेकून जमिनीकडे बघत होता. तो पहिल्यांदाच बोलला. "बसवतो," म्हणाला.

घरी आले तर आईने आधी मला धू धू धुतलं. दुसऱ्याच्या संसारात नाक खुपसायला कुणी सांगितलं होतं, उद्या तुझ्या लग्नाच्या वेळी हेच लोक काय सांगतील, वगैरे वगैरे. बाबांनी विचारलं, "घाबरलीस?" मी म्हणाले, नाही. "मग आवाज का चिरकतोय?" मी रडायलाच लागले. बाबा म्हणाले, "मी येतो. रविवारी सुट्टीच आहे." आणि नंतर आईच म्हणाली, "नुसतं सांगू नकोस. सांगितलेलं कुणाला पटत नाही. दाखव."

रविवारी सकाळी हासोदादांच्या टेम्पोत दोन व्हीसीआर, गोधड्यांत गुंडाळून. मशीन दुकानाबाहेर जाणार नाही, असं दादा आदल्या दिवसापर्यंत म्हणत होते, आणि आता मांडीवर कमळं उमलवणाऱ्या मिक्सरची पेटी घेऊन स्वतः पुढे बसले होते. अंगण भरलेलं. नंदाची सासू काशीबाई ओट्यावर, हाताची घडी घालून. नंदा आणि तिचे वडील फाटकाशीच उभे, कारण कुणी आत या म्हटलं नव्हतं. बाबा जाऊन त्यांच्या शेजारी उभे राहिले.

मी आधी न कापलेली कॅसेट लावली. दुपार, कासारीण नंदाच्या हातात बांगडी सरकवतेय, बाजूला कुणीतरी म्हातारी काहीतरी चावट बोलते, बायका खिदळतात आणि नंदा मान वर करून हसते. मग पट्टी पुढे पळवली, पळवली, आणि संध्याकाळी विजू बेंजो घेऊन आला. "आम्हाला काय कळतं?" मामा म्हणाले. "तुम्ही मागंपुढं केलं आसंल."

"तेच तर सांगतेय, मामा. मागेपुढेच केलंय. आता बघा."

मी नंदाचं तेच हसू दुसऱ्या व्हीसीआरमध्ये उतरवलं. त्याला त्याच शूटिंगमध्ये आलेल्या गोठ्यातल्या म्हशीचा तुकडा जोडला. परत नंदा. लावलं. नंदा मान वर करते, म्हैस रवंथ करते, नंदा लाजते. पोरं फिस्कन हसली. "कुणाकडे बघतेय?" मी विचारलं. "म्हशीकडं!" पोरं ओरडली. मग मी म्हैस काढली आणि काशीबाई घातल्या, लग्नात लाडवाची टोपली घेऊन उभ्या असलेल्या. नंदाचं तेच हसू. आता बायका बोलायला लागल्या, "बघ गं, सासूकडं कशी मायेनं बघते!" काशीबाईंच्या हाताची घडी सुटली. त्या पुढे सरकून बसल्या.

आणि मग मी ते केलं, जे करायचं नाही असं टेम्पोत दादांनी तीनतीनदा बजावलं होतं. मी मामांना घातलं. मांडवात, पिवळ्या कापडापुढे, मिशीला रस्सा लागलेले, डावीकडे बघून हसणारे मामा. नंदा मान वर करते. मामा हसतात. नंदा लाजून खाली बघते. मी आवाज चढवूनच विचारलं, "मामा, आता सांगा. हिचं तुमच्याशी काय आहे?"

मामा ताडकन उठले. तोंड लालबुंद. "लाज वाटत नाय?" म्हणाले. "मी तिच्या बापाच्या जागी!"

"विजू तिला माहीतसुद्धा नाही, तरी त्याचं जुळवलंत. तुमचं का नाही जुळवायचं? हसू तेच आहे, जरासुद्धा बदललेलं नाही. बघा, परत लावू?"

"नको, नको!" मामा म्हणाले, आणि आधी काशीबाई फुटल्या. पदर तोंडात कोंबून हसायला लागल्या, मग ओटा, मग सगळं अंगण. दादासुद्धा चष्मा काढून डोळे पुसत होते. मी घामाने निथळत होते आणि मला वाटलं, जिंकले! सांगायला लाज नाही, त्या क्षणी मला नंदाची आठवणही नव्हती. मला फक्त एवढंच वाटत होतं, की माझ्या कटाची इज्जत वाचली.

मामा खाली बसले आणि तुटक आवाजात म्हणाले, "बरं, ठीक हाय. तिनं बघितलं नव्हतं. झालं गेलं इसरून जा. ये गं पोरी, घरात ये." काशीबाई उठून फाटकाकडे निघाल्या. नंदाच्या वडिलांनी सुटकेचा श्वास टाकून तिच्या पाठीवर हात ठेवला. नंदा हलली नाही.

"ताईने दाखवलं म्हणून कळलं, मी बघितलं नव्हतं," ती म्हणाली. मी तिचा आवाज तेव्हा पहिल्यांदा ऐकला. कॅसेटमध्ये ती कुठेच बोललेली नव्हती. "आणि बघितलं असतं तर?"

काशीबाई फाटकाकडे जाता जाता थांबल्या.

"एक माणूस छान वाजवतोय, मी त्याच्याकडे बघून हसले असते, तर मला परत आणलं असतं का? का दर वेळी कुणीतरी मशीन घेऊन यायचं?"

एवढा खटाटोप करून मी एकच गोष्ट सिद्ध केली होती, की ती निर्दोष आहे. दोष मुळात कसला, हे विचारायचं माझ्या डोक्यातच आलं नव्हतं. ते विचारलं तिने, फाटकाबाहेर उभं राहून, बाजूला बाप उभा असताना. त्या दिवसाचं श्रेय लोक मला देतात, तेव्हा मला राग येतो तो याचसाठी.

अनंत ओट्यावरून उतरला. चपला न घालता अंगण ओलांडून तिच्यासमोर जाऊन उभा राहिला. हळूच, फक्त तिला ऐकू जाईल अशा बेताने म्हणाला, "बघ कुणाकडेही. हस. माझं काही म्हणणं नाही. चल घरी." मी टीव्हीपाशी होते, मला ऐकू आलं, म्हणजे बऱ्याच जणांना आलं असणार.

नंदा म्हणाली, "हे मला माहीतच आहे. मला नको सांगूस. त्यांना सांग."

काशीबाई मधे काहीतरी म्हणायला गेल्या, नंदाने नुसता हात वर केला. मग अनंत वळला, आणि त्या भरलेल्या अंगणात, मामांच्या डोळ्यांत बघून, अडखळत का होईना, पण ते सगळं पहिल्यापासून परत म्हणाला. मामांनी मान फिरवली. त्याने ते आणखी एकदा, अजून मोठ्याने म्हटलं, आणि मग नंदा फाटकातून आत आली.